आधी वाहन, मग समूहशाळा



सरकारी शाळांच्या जागी दुसरी व्यवस्था आणावी, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. 2017 साली दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे 1,300 शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. 2023 साली वीसपर्यंत पट असलेल्या शाळांच्या समूहशाळा करण्याची योजना पुढे आली. एकाच शिक्षकाने चार इयत्ता सांभाळण्यापेक्षा मोठी, सुसज्ज शाळा बरी, हा युक्तिवाद निराधार नाही.

परंतु सडक अर्जुनी तालुक्यातील अनेक गावे नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलालगत आहेत. येथे तीन किलोमीटर म्हणजे केवळ अंतर नव्हे. पावसाळ्यात सहा वर्षांच्या मुलीला त्या वाटेने कोण पाठवील? खाजगी शाळेचा पर्यायही फोल आहे. जेथे ग्राहक दहाच, तेथे कोणी दुकान मांडीत नाही. म्हणूनच ती जबाबदारी शासनाची ठरते.

तेव्हा क्रम असा असावा: आधी वाहन व सोबतीला जबाबदार स्त्री, नंतर समूहशाळा, तोवर गावची शाळा चालूच राहावी. दात्यांनीही नव्या इमारतीपूर्वी या वाहनखर्चाचा विचार करावा. दात्याच्या नावाची पाटी भिंतीवर लागली नाही तरी चालेल. मुलीच्या हातातील पाटी सुटता कामा नये.