बाबांची जीप

तुमच्यातले निम्मे तरी बाबांच्या जीपला लटकून खालापूरहून कर्जतला गेलेत. महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली, तिच्याच घराण्यातली ही एमएम ५४०. बाबांना अर्धांगवायू झाला आणि ती अंगणात गंजत पडली. भंगारवाला आला, तेव्हा मी अडून बसले. मी इंजिनिअर, पण कॉम्प्युटरची. पाना धरायला बाबांनी खाटेवरून शिकवलं. व्हील सिलिंडर बदलले, ब्रेक ऑइल भरलं, ऐटीत ब्रेक दाबला, तर पेडल थेट तळाला! लाइनमधली हवा काढलीच नव्हती. हवा दबते, ऑइल दबत नाही. बाबा वर्षभरात पहिल्यांदा हसले.

मेमध्ये इंजिन सुरू झालं. बाबा कान देऊन ऐकत होते. म्हणाले, "टॅपेट वाजताहेत." ते काम अजून बाकी आहे.