चिघळलेल्या जखमेपर्यंत प्रथिन पोचवताना

मधुमेहामुळे तळपायाची संवेदना गेली की खडा टोचलेलाही कळत नाही. जखम महिनोन्‌महिने चिघळते आणि कधी पाय कापण्याची वेळ येते.

पेशींना वाढायला सांगणारी काही प्रथिनं शरीरात असतात, त्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. त्यांच्या शोधासाठी स्टॅनले कोहेन आणि रीटा लेव्ही-माँटाल्चिनी यांना १९८६ साली नोबेल मिळालं. मग ही प्रथिनं जखमेवर लावली की झालं? तिथंच खरी अडचण आहे. जुनाट जखमेत प्रथिनं तोडणारी विकरं माजलेली असतात. वरून लावलेलं औषध पेशींपर्यंत पोचण्याआधीच त्याचे तुकडे होऊ शकतात.

अमेरिकेत १९९७ मध्ये असंच प्रथिन असलेली बेकाप्लर्मिन नावाची जेल मंजूर झाली. ती रोज लावायची आणि फ्रिजमध्येच ठेवायची. उन्हाळ्यात, वीज जाणाऱ्या गावात हे किती कठीण, ते आपण जाणतोच. क्यूबाच्या शास्त्रज्ञांनी वेगळी वाट धरली. हवानातल्या संस्थेनं हेबरप्रॉट-पी हे ग्रोथ फॅक्टरचं औषध सुईनं थेट जखमेच्या कडांत आणि तळाशी टोचायचं ठरवलं, आठवड्यातून तीनदा. मला हा विचार फार मोलाचा वाटतो, कारण त्यांनी प्रथिनाइतकंच लक्ष त्याच्या वाटेकडे दिलं. प्रथिन जपून हळूहळू सोडणाऱ्या हायड्रोजेलवरही आता संशोधन सुरू आहे.

मात्र मेलेली कातडी काढणं, पायावरचा भार कमी करणं, साखर आटोक्यात ठेवणं यांवाचून ही औषधं फारशी लागू पडत नाहीत. जखमेच्या जागी कर्करोग असेल, तर ती देतच नाहीत.