वाढते मूल आणि थिजलेला आकडा

घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की पतिपत्नींचे नाते संपते. आईबापांचे संपत नाही. हा भेद कायद्याने ओळखला आहे, पण पुष्कळ आईबापांना तो ठाऊक नसतो.

एखादे मूल चार वर्षांचे असताना त्याच्या पालनपोषणासाठी दरमहा तीन हजार रुपये ठरले, असे समजू. आठ वर्षे लोटतात. शाळेचे शुल्क, वह्यापुस्तके, डोळ्यांना लागलेला चश्मा असे एकेक खर्च दाराशी येऊन उभे राहतात. मूल वाढले, बाजारभाव वाढले. कागदावरचा आकडा मात्र तेथेच थिजून राहिला. आई मनाशी म्हणते, 'एकदा सही केली, आता कोणत्या तोंडाने मागावे?'

हा संकोच अनाठायी आहे. हिंदु विवाह अधिनियम, 1955 याच्या कलम 26 अन्वये अज्ञान मुलांचा ताबा, पोषण व शिक्षण यांविषयीचे हुकूम न्यायालयाला हुकूमनाम्यानंतरही वेळोवेळी बदलता येतात. विशेष विवाह अधिनियम, 1954 याच्या कलम 38 मध्ये अशीच तरतूद आहे. दंडाधिकाऱ्याने ठरविलेली रक्कमही परिस्थिती पालटल्याचे सिद्ध झाल्यास बदलता येते. पूर्वी ही सोय 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 127 मध्ये होती. 1 जुलै 2024 पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 146 मध्ये आहे.

मात्र हा दरवाजा दोन्ही बाजूंनी उघडतो. बापाची नोकरी सुटली, त्याला दीर्घ आजार जडला, तर तोही अर्ज करू शकतो. पण अर्ज न करता आपल्याच मनाने रक्कम कमी करणे हा मार्ग नव्हे. नवा हुकूम होईपर्यंत जुना हुकूम जिवंत असतो आणि थकबाकी त्याच्याच हिशेबाने साचते.

अर्जात केवळ गाऱ्हाणे पुरत नाही. आधी काय होते, आता काय आहे, हे शुल्काच्या पावत्या, औषधांची बिले, पगारपत्रक यांवरून दाखवावे लागते. मिळकत लपविण्याची जुनी खोड ओळखून सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2020 मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात निर्वाहखर्चाच्या प्रकरणी दोन्ही पक्षांनी मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असे ठरवून दिले. आईची मिळकतही त्यात मांडली जाते. कारण 1956 च्या हिंदु दत्तक व निर्वाह अधिनियमाने मुलांच्या पोषणाची जबाबदारी आई व बाप दोघांवरही टाकली आहे.

अशा अर्जाकडे जुन्या भांडणाची नवी फेरी म्हणून पाहिले, की सारे बिघडते. बापाला तो सूड वाटतो, आईला तो याचना वाटते. वस्तुतः तो सूडही नव्हे आणि याचनाही नव्हे. सही आईबापांनी केली होती. ज्याच्या ताटातल्या अन्नाचा आणि दप्तरातल्या पुस्तकांचा प्रश्न आहे, त्या मुलाने ती केलेली नव्हती.