ठिपक्याचा मान

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)

श्रोतेहो, गेल्या महिन्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. म्हणाला, "मामू, माझा खेळाडू निवृत्त झाला." मी गोंधळलो. हा मुलगा मैदानाकडे कधी फिरकला नाही! मग उलगडा झाला. अमेरिकन फुटबॉलची, म्हणजे अंडाकृती चेंडूच्या त्या खेळाची, संगणकावर चालणारी लीग असते. प्रत्येकाने आपला एक काल्पनिक खेळाडू घडवायचा. सामने संगणक खेळवतो. काही मोसम गेले की खेळाडूचे वय होते, गुण घटू लागतात आणि एक दिवस त्याला निरोप द्यावा लागतो. भाच्याचा आवाज खरोखर जड झाला होता. मला मात्र हसू आले नाही. असा एक निरोप मी राजापेठेत, आमच्याच ओसरीवर पाहिला आहे.

१९८३ साली कपिलदेवच्या संघाने विश्वचषक जिंकला आणि आमच्या गल्लीतली सगळी पोरे बॅट घेऊन बाहेर पडली. माझा एक मित्र तेवढा पडला नाही. पोलिओने त्याचा एक पाय लहानपणीच अधू झाला होता. त्याच्यासाठी आम्ही पुस्तकातले क्रिकेट सुरू केले. दोनशे पानी वहीत राजापेठ, अंबापेठ, बडनेरा असे संघ केले. राजापेठेचा सलामीवीर म्हणून त्याने स्वतःचेच नाव लिहिले.

पुस्तक होते अब्बांची जाडजूड उर्दू लुगत, म्हणजे शब्दकोश. गोलंदाजाने ते उघडायचे आणि उजव्या पानाचा शेवटचा आकडा सांगायचा. उर्दू पुस्तकात उजवे पान नेहमी समसंख्येचे. दोन, चार, सहा म्हणजे तितक्या धावा. आठ आला तर एक. शून्य आले की बाद. उर्दूत शून्य म्हणजे नुसता एक ठिपका. मित्राला ते आकडे वाचता येत नव्हते. मी सांगेन ते तो वहीत मांडायचा.

आणि मी फसवत होतो. त्याच्या डावात ठिपका आला की कितीदा तरी अंगठ्याने आणखी एक पान सरकवून "दोन" म्हणायचो. तो हसला की मला बरे वाटायचे.

तो गणितात हुशार होता. या खेळात दर पाच वेळा पुस्तक उघडले की सरासरी एकदा बाद आणि तेरा धावा, हे त्याने मांडून काढले. चार वर्षांच्या वहीत इतर सगळ्यांची सरासरी तेराच्या आसपास होती, त्याची एकट्याची अठ्ठावीस. तो काही बोलला नाही. आमच्या भिंतीवरच्या उर्दू कॅलेंडरवरून गुपचूप आकडे शिकला आणि काही दिवस नुसता माझ्या अंगठ्याकडे पाहत राहिला.

१९८७ची दिवाळीची सुटी होती. ३१ ऑक्टोबरला नागपुरात न्यूझीलंडविरुद्ध गावसकरने ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा केल्या. अंगात ताप असताना! एकदिवसीय क्रिकेटमधले त्याचे ते एकमेव शतक, तेही १०७ व्या सामन्यात. आपल्या विदर्भात तर दुसरी दिवाळीच झाली. पाचच दिवसांनी मुंबईत इंग्लंडविरुद्ध उपांत्य सामन्यात तो चार धावांवर त्रिफळाचीत झाला. कसोटीतून तो मार्चमध्येच गेला होता, ९६ धावांची खेळी करून. आता सगळेच संपले.

त्या संध्याकाळी मित्र वही घेऊन आला. म्हणाला, "गावसकरसाठी कोनं पान सरकोलं नाई. मंग माह्यासाठीच काऊन सरकोतं तू?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. "तुले वाईट वाटू नये म्हनून," एवढेच कसेबसे म्हणालो. तो म्हणाला, "मैदानावर मले कोनी घेत नाई, अन् इथं तू मले बाद होऊ देत नाई. मंग मी खेळलो कुठं?"

त्याने शेवटचा डाव मागितला. पुस्तक मी उघडले, आकडे त्याने वाचले. सहा. चार. आठ, म्हणजे एक. मग ठिपका. "बाद," तो स्वतःच म्हणाला. वहीत अकरा धावा मांडल्या, खाली रेघ ओढली आणि लिहिले, निवृत्त. त्याच्या कारकिर्दीतला खरा डाव बहुधा तो एकच. चेहऱ्यावरचे समाधान मी आजही विसरलेलो नाही.

श्रोतेहो, मी मराठीत कविता लिहितो. कविसंमेलनानंतर कोणीतरी प्रेमाने खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "मुसलमान असून किती शुद्ध मराठी!" त्या माणसाच्या मनात वाईट काही नसते. माझ्याही नव्हते. पण मला तेव्हा अंगठ्याखालून सरकणाऱ्या पानाचा आवाज ऐकू येतो. वाटते, दादा, कविता जमली नसेल तर ठिपका द्या. तेवढा माझा हक्क आहे.

भाच्याला मी एकच विचारले, "शेवटच्या सामन्यात त्याला कोणी सूट दिली का रे?"

"नाही मामू. हरलोच आम्ही."

"मग छान खेळला म्हण," मी म्हणालो.