एक पत्रा बदलायचा म्हणजे नेमकं काय?

नेहमी आपण कोड, करिअर, पगार असल्या गप्पा मारतो. आज जरा हात काळे करणारा विषय. अर्थात ॲल्युमिनियमने खरंच हात काळे होतात, हे मला आता चांगलं माहीत आहे.

मी ओहायोमध्ये राहतो. आमच्या शहरापासून तास-दीड तासावर जॅक्सन सेंटर नावाचं छोटं गाव आहे. तिथे एअरस्ट्रीम ट्रेलर बनतात. गाडीच्या मागे जोडून न्यायचं चंदेरी, गोलसर फिरतं घर. फोटोत पाहिलंच असेल. 1969 साली अपोलो 11चे अंतराळवीर चंद्रावरून परतले तेव्हा त्यांना ज्यात क्वारंटाइन केलं होतं, तेही एअरस्ट्रीमच होतं. मी आणि माझ्या बायकोने असाच एक 1972चा जुना ट्रेलर घेतला. उजव्या बाजूला, चाकाच्या मागे, खिडकीखालचं एक पॅनेल फाटलेलं होतं. कुणीतरी त्यात सिलिकॉन भरून ठेवलं होतं.

आता प्रश्न असा की वरून एक ठिगळ मारून मोकळं व्हायचं, की अख्खा पत्रा बदलायचा? पुढच्या उन्हाळ्यात आई-बाबा येणार आहेत आणि ते यात झोपणार. हायवेवर ताशी शंभर किलोमीटरने हे धूड आमच्या मागे धावणार. म्हणून नीट समजून घेतलं.

एअरस्ट्रीमचा पत्रा म्हणजे नुसतं आवरण नव्हे. विमानासारखीच रचना आहे: आत ॲल्युमिनियमच्या बरगड्या, त्यावर रिव्हेटने जडवलेला पत्रा, आणि भार दोघं मिळून पेलतात. फाटीतून पाणी शिरलं की ते आतून खाली उतरतं आणि प्लायवूडच्या जमिनीत मुरतं. भिंतीचा खालचा भाग त्या प्लायवूडमधूनच चासीला बोल्टने बांधलेला असतो. प्लायवूड कुजलं की ती बांधणीच सुटते. 1970च्या दशकातल्या ट्रेलरांचं मागचं टोक चासीपासून सुटू लागतं, हा जुन्या मालकांमध्ये प्रसिद्ध आजार आहे.

आम्ही आतलं अस्तर काढलं. ग्लासवूलमध्ये उंदरांची घरटी निघाली, त्यामुळे मास्क आणि हातमोजे हवेतच. मग स्क्रूड्रायव्हर घेऊन जमीन टोचत गेलो. कडक लागली तर ठीक. वीतभर जागेत तो लोण्यात घुसावा तसा घुसला. वीतभरच! पण ठिगळ मारलं असतं तर हे दिसलंच नसतं. आधी तेवढा प्लायवूड बदलला, मग पत्र्याला हात लावला.

माझे काका ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झालेत. आयुष्यभर विमानांचे रिव्हेट मारले. व्हिडिओ कॉलवर त्यांनी पहिलंच सांगितलं, "घाई करू नकोस. जुना पत्रा फेकायचा नाही, तोच तुझा नकाशा."

तर क्रम असा. रिव्हेटच्या डोक्यात मधोमध पंचने खूण करायची. ड्रिल फक्त डोक्याच्या खोलीइतकंच घालायचं, डोकं उडवायचं आणि उरलेला दांडा पंचने हळूच आत ढकलायचा. भोक मोठं झालं की पुढचा रिव्हेट सैल बसतो. एका वेळी एकच पॅनेल काढायचं, नाहीतर सांगाड्याचा आकार बिघडतो.

नवा पत्रा 0.8 मिलिमीटर जाडीचा, 2024-टी3 जातीचा, वर शुद्ध ॲल्युमिनियमचा थर असलेला. जुना पत्रा त्यावर ठेवून कापायचा, भोकं पाडायची आणि प्रत्येक भोकाची बर साफ करायची. मग क्लेको लावायचे. या स्प्रिंगच्या तात्पुरत्या पिना असतात, पत्रा जागेवर धरून ठेवतात. कोड मर्ज करण्याआधी टेस्ट ब्रँचवर चालवून बघतो ना, तसंच. पत्र्याची वरची कड वरच्या पत्र्याच्या खाली गेली पाहिजे. कौलांचं जे तत्त्व, तेच इथे. सांध्यात पॉलियुरेथेन सीलंट. सिलिकॉन नको, कारण त्याचा अंश राहिला तर त्यावर नंतर काहीच नीट चिकटत नाही.

आणि मग खरी गंमत. भरीव रिव्हेट एकट्याने मारता येत नाही. बाहेर मी हवेच्या गनसह, आत बायको हातात जड लोखंडी ठोकळा घेऊन. गन डोक्यावर ठोकते, ठोकळ्यावर दांडा चपटा होतो. आमचा रिव्हेट 3.2 मिलिमीटरचा, म्हणजे चपटा भाग साधारण 4.8 रुंद आणि 1.6 उंच हवा. दोघांच्या कानात प्लग, मध्ये भिंत, एकमेकांचं तोंड दिसत नाही. मग बोलायचं कसं? विमानाच्या कारखान्यातली टकटक काकांनी शिकवली. आतून एक टकटक म्हणजे "अजून मार". दोन म्हणजे "झकास". तीन म्हणजे "बिघडला, काढून टाक".

यात माझ्यासाठी एक नवी गोष्ट होती. रिव्हेट चांगला बसला की नाही हे मारणाऱ्याला कळतच नाही. बाहेरून सगळे सारखेच चकचकीत दिसतात. निकाल आतल्या माणसाचा, आणि तो ऐकायचाच. एकशे चाळीसपैकी अकरांना तीन टकटक मिळाल्या. अकराही काढले आणि नवे घातले.

शेवटी पाण्याची परीक्षा. होज खालून सुरू करायचा आणि सावकाश वर न्यायचा, म्हणजे गळती नेमकी कुठल्या सांध्यातून आहे ते सापडतं. अस्तर उघडंच ठेवून बायको टॉर्च घेऊन आत बसली. वीस मिनिटं मी पाणी मारत होतो. मग आतून दोन टकटक ऐकू आल्या.

तुमच्याकडे जुनी जीप असो, होडी असो की गावचं पत्र्याचं छप्पर, ठिगळ लावण्याआधी एकदा आतून बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!