'सांस रोको' म्हणण्याआधी

(मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



या व्यासपीठावर आजवर डॉक्टर बोलले, प्राध्यापक बोलले, कीर्तनकार बोलले. आम्ही यातले कोणीच नाही. रेडिओग्राफीचा डिप्लोमा करून वीसएक वर्षं राज्य सरकारच्या दवाखान्यांत एक्स-रे काढतो आहोत. हे 'आम्ही' म्हणजे मोठेपणा समजू नका. आपल्या इंदुरी मराठीत 'हम'चा 'आम्ही' कधी झाला ते कळलंच नाही. शिवाय जे सांगायचं आहे ते एकट्याचं नाही. पर्चा बनवणारे बाबू, वॉर्डबॉय, सिस्टर, एक्स-रेच्या खोलीतले आम्ही, सगळ्यांचं मिळून आहे.

कार्यवाहांनी विषय दिला 'गरिबांचं आरोग्य आणि आपली रुग्णालयं'. एवढ्या मोठ्या विषयाला हात घालायची आमची ताकद नाही. आम्ही छातीच्या एका फिल्मपुरतं बोलतो.

आधीच्या पोस्टिंगला आम्ही पश्चिमेकडच्या आदिवासी भागातल्या एका रुग्णालयात होतो. झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी हा सगळा पट्टा तुम्हाला माहीत आहे. पाऊस संपला की गावंच्या गावं मजुरीला गुजरातेत जातात आणि भगोरियाला, होळीला परत येतात. त्या आठवड्यात मेळ्यात जेवढी गर्दी, तेवढीच आमच्या दाराशी. वर्षभर अंगावर काढलेली दुखणी तेव्हाच दाखवायची असतात.

अशाच गर्दीत एक माणूस आमच्याकडे तीनदा आला. तिशीचाही नसेल. पर्च्यावर खोकला, वजन कमी, टीबीचा संशय. पहिल्यांदा एक्स-रे काढला, टीबीची औषधं सुरू झाली. पुढच्या वर्षी परत तेच. तिसऱ्या खेपेला त्याला स्टँडसमोर उभं केलं, खांदे पुढे घ्यायला सांगितले आणि आमचं रोजचं वाक्य म्हटलं, "सांस खींचो... रोको." त्याला श्वास रोखताच येईना. फिल्म हलली. दुसरी काढली, तीही हलली. बाहेर चाळीस माणसं. आम्ही जरा चिडूनच विचारलं, "अरे, करते क्या हो तुम?"

म्हणजे, सरळ उभं राहायला काय होतं, असं आम्हाला म्हणायचं होतं. त्याने प्रश्नाचा सरळ अर्थ घेतला. म्हणाला, "पत्थर पीसने की फैक्ट्री में था साहब, गोधरा तरफ."

फिल्म हातात घेऊन आम्ही डॉक्टरसाहेबांकडे गेलो. निदान करणं आमचं काम नाही, पण एवढं एक वाक्य त्यांच्या कानावर घालणं आमच्या हातात होतं. त्यांनी आधीच्या दोन्ही फिल्म मागवल्या. थुंकीत जंतू कधीच सापडले नव्हते. दोन्ही फुप्फुसांत वरच्या बाजूला बारीक ठिपके, तीळ पसरावेत तसे. टीबीतही असे दिसू शकतात, म्हणूनच घोटाळा होतो. ही सिलिकोसिस होती.

गारगोटीचा दगड, म्हणजे क्वार्ट्झ, दळून त्याची पूड काच आणि चिनीमातीच्या कारखान्यांना जाते. ती धूळ इतकी बारीक की डोळ्यांना दिसतही नाही, आणि एकदा फुप्फुसात गेली की निघत नाही. तिथे गाठी होतात, फुप्फुस कडक होतं. खाणीत हे व्हायला पुष्कळ वर्षं लागतात, पण बंद शेडमध्ये पूड दळणाऱ्याला थोडी वर्षंही पुरतात. यावर बरं करणारं औषध नाही. उपाय एकच, धुळीतून बाहेर पडणं, आणि तोही जितका लवकर तितका कामाचा. वर या रोग्यांना खरोखरचा टीबी होण्याची शक्यताही वाढते.

आता हिशेब करा. आम्ही पहिल्याच वर्षी 'काम काय करता' विचारलं असतं, तर तो दोन वर्षं आधी त्या धुळीतून निघाला असता. त्या दोन वर्षांत त्याच्याबरोबर त्याचा धाकटा भाऊही त्याच शेडमध्ये कामाला लागला होता. हा दोष आम्ही कोणा दुसऱ्यावर ढकलत नाही. पर्च्यावर वय, लिंग, पत्ता, बापाचं नाव, सगळ्याचे रकाने होते. कामाचा रकाना होता की नाही, हे आम्हाला आज आठवतसुद्धा नाही. असलाच तर बाबू त्यात 'मजदूरी' लिहून मोकळे होत असणार.

हा प्रश्न काही आजचा नाही. इटलीत बर्नार्डिनो रामाझिनी नावाचा वैद्य होऊन गेला. १७०० साली त्याने कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि त्यात वैद्यांना सांगितलं की रोग्याला बाकी जे विचारता त्यात आणखी एक प्रश्न घाला, तुमचा धंदा काय? तीनशे वर्षं उलटली आणि आम्ही तो चिडल्यावर विचारला, तोही चुकून.

पर्च्यावर काय लिहिलं जातं याने औषधापलीकडेही फरक पडतो. आमच्या भागातून गोध्रा, बालासिनोरकडे गेलेले शेकडो मजूर याच रोगाने गेले. प्रकरण राष्ट्रीय मानवाधिकार आयोगापुढे गेलं, सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१६ मध्ये न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. ज्याच्या कागदावर नुसतं 'टीबी' लिहिलेलं असेल, त्याच्या बायकोने अशा वेळी काय दाखवायचं? ठेकेदार हजेरीचा कागद देत नाही. कारखान्याचं नाव मजुराला धड ठाऊक नसतं. मग रुग्णालयाचा पर्चा हाच एक पुरावा उरतो.

तुम्ही म्हणाल, रुग्णालयाने औषध द्यावं, या बाकी भानगडी कशाला? आम्हीही असंच म्हणत होतो. पण मोठ्या रुग्णालयांना हे फार आधी कळलं होतं. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलने १८९५ मध्ये मेरी स्टुअर्ट या बाईंना रोग्यांची घरची स्थिती बघण्यासाठी नेमलं. आपल्याकडे मुंबईच्या जे.जे.मध्ये १९४६ साली वैद्यकीय समाजसेवक आले. आज मोठ्या सरकारी रुग्णालयात समाजसेवकाचं टेबल असतं, पण तिथे जायचं असतं हे रोग्याला कोणी सांगत नाही, आणि त्या टेबलापुढची रांग पाहिली की आयुष्मान कार्डाच्या झेरॉक्स तपासण्यातच बिचाऱ्यांचा दिवस जातो असं वाटतं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दवाखाना बांधण्याआधी आदिवासींनाच विचारलं, तो कसा हवा? मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना बाहेर काढतात, असं लोकांनी सांगितलं. म्हणून तिथे नातेवाइकांना जवळ राहता येईल अशा झोपड्यांचा दवाखाना झाला आणि त्याला लोकांच्या देवीचं, दंतेश्वरीचं नाव मिळालं. आमच्याकडे रोग्याबरोबर आलेली चार माणसं व्हरांड्यात झोपतात आणि सकाळी झाडूवाला त्यांना उठवतो. बंगांसारखं काम आमच्याकडून होणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. विचारून बघणं तरी होईल.

आता जेवणाचं. टीबी खरा असला तरी नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. पोटात अन्न नसेल तर गोळ्या सोसत नाहीत, माणूस औषध सोडतो. झारखंडमध्ये यावर मोठा अभ्यास झाला, २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. रोग्यांच्या घरच्यांना दरमहा जास्तीचा शिधा दिला, तर त्यांच्यात नव्याने टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालं. तांदूळ आणि डाळीने! सरकार २०१८ पासून टीबीच्या रोग्याला उपचार चालू असेतो महिन्याला ५०० रुपये देत होतं, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. पैसे बँक खात्यात येतात. खातं गावी, माणूस मजुरीला परराज्यात, आधार जोडलेला नंबर भावाच्या फोनचा. असे गुंते सोडवायला औषध देणारी खिडकी कामाची नाही, शेजारी बसून फोन लावणारा माणूस लागतो.

आमच्या त्या माणसाचं पुढे काय झालं हे विचाराल. डॉक्टरांनी रोगाचं नाव आणि कामाचा इतिहास पर्च्यावर स्पष्ट लिहून दिला. तो घरी राहिला. चार पावलांवर दम लागायचा, त्यामुळे शेतीही बायकोच्याच अंगावर. धाकट्या भावाचा एक्स-रे आम्ही काढला, तो स्वच्छ होता. त्याला बसवून समजावलं. तो हो म्हणाला आणि दिवाळीनंतर परत गेला, कारण ठेकेदाराची उचल डोक्यावर होती. आमच्या प्रश्नाने उचल फिटत नाही.

त्यानंतर आम्ही आमच्या खोलीत एक वही ठेवली. छातीच्या प्रत्येक एक्स-रेला नावासमोर काम, आणि काम कुठे, एवढंच. 'मजदूरी' चालणार नाही, कसली ते लिहायचं. बदली झाल्यावर वही तिथेच ठेवून आलो. नव्या माणसाने फोनवर सांगितलं की तो अजून लिहितो. इथेही आता आमची तशीच वही आहे. पहिल्या महिन्यात सहकारी हसले, 'जनगणना वाले' म्हणून नाव पडलं.

शेवटी मंडळाकडे एक मागणं. दरवर्षी आपण चतुर्थीनंतर रुग्णालयात फळवाटप करतो. केळी, सफरचंद, एक फोटो. आम्हीच दोनदा त्या फोटोत आहोत, म्हणून बोलायचा अधिकार आहे. त्याच पैशांत मंडळ 'निक्षय मित्र' म्हणून नाव नोंदवू शकतं. रोग्याच्या संमतीने किमान सहा महिने त्याच्या घरी दरमहा धान्य, डाळ, तेल, शेंगदाणे पोचवायचे. पोचवणारा महिन्यातून एकदा त्याच्या दारात उभा राहील, तेव्हा तो काम काय करतो, हेही आपोआप विचारलं जाईल. पाच घरांपासून सुरुवात करू. पहिल्या घराचा शिधा आमच्याकडून. नोंदणी कशी करायची ते आम्ही विचारून आलो आहोत, नावं लिहायची वही जोशीकाकांच्या टेबलावर ठेवली आहे. आरती सुरू व्हायला अजून दहा मिनिटं आहेत.