अंतराळवीरांच्या जत्रेत
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



'सध्या काय चाललंय' यावर प्रत्येकाने पाच मिनिटं बोलायचं आहे. तुम्ही नोकरी, बंगला, नातवंडं सांगितलीत. मी मुंबईच्या कॉमिक कॉनबद्दल सांगणार आहे. हसू नका!

रविवारी आपल्या धरणाच्या चौपाटीवर असते तशी गर्दी. फक्त हातात कणसांऐवजी चमकणाऱ्या तलवारी. कुणी स्पायडरमॅन, कुणी जपानी कार्टूनमधलं पात्र. भारतात हे २०११ साली दिल्लीत सुरू झालं.

मी गेले धाकट्यासाठी. तो सतरा वर्षांचा आहे. दहावीनंतर त्याचं बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. पाहुणे आले की हा आतल्या खोलीत. त्याने पुठ्ठ्याचं चिलखत करायला घेतलं तेव्हा घरात सगळे म्हणाले, हे काय नवीन खूळ? सासूबाई मात्र काही न बोलता मशीनवर बसल्या आणि त्यांनी झगा शिवून दिला.

तिथे अनोळखी मुलं येऊन विचारत होती, "खांद्याचा भाग कसा जोडलास?" आणि हा सांगत होता! मी घड्याळ पाहिलं. सलग चाळीस मिनिटं.

१९३९ साली न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या वाचकांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं, साधारण दोनशे माणसांचं. तिथे मर्टल डग्लस या बाईंनी भविष्यकाळातले कपडे शिवून नेले होते, स्वतःसाठी आणि मित्रासाठी. म्हणजे आमच्या सासूबाईंची परंपरा जुनी आहे.

परतताना मुलाने विचारलं, "आई, मराठीत असं काही आहे का?" मी त्याला जगतापांची गोष्ट सांगितली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा आली. लेखक, नारायण विनायक जगताप. तिला पहिलं बक्षीस मिळालं. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर! परीक्षकांवर नावाचं दडपण येऊ नये म्हणून त्यांनी आपलीच आद्याक्षरं उलटी केली होती. पुढे २०२१ मध्ये नाशिकच्या ९४व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. मुलगा म्हणाला, "म्हणजे त्यांनीपण मुखवटा घातला होता." घरी आल्यावर त्याने 'यक्षांची देणगी' मागून घेतलं.

आता मुद्द्याचं. मेळाव्याच्या उरलेल्या निधीतून शाळेला कमान बांधावी, असं घाटतंय. कमानीला माझा विरोध नाही. पण तिच्याखालून रोज एखादं असं न बोलणारं पोर आत जाणार आहे. त्याच्यासाठी आधी एक कपाट घेऊ या. नारळीकर, भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न, लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके. किल्ली मात्र मुलांच्या हाती द्यायची. आणि गॅदरिंगच्या वेशभूषेत शिवाजी महाराज, झाशीची राणी यांच्या शेजारी एखाद्या अंतराळवीरालाही जागा ठेवा. झगा आमच्या सासूबाई शिवतील.

माझ्या वर्गणीची पावती त्या कपाटाच्या नावाने फाडा.